ॲगी फुटबॉल: माइक एल्को आला, आता स्टाफमध्ये कोण कोण?

कॉलेजस्टेशनकर | २७ नोव्हेंबर २०२३

हाउडी मंडळी!

झालं एकदाचं. आपल्या टेक्सास ए अँड एमच्या (ॲगी) अमेरिकन फुटबॉल टीमचा हेड कोच जिंबो फिशर, त्याला १२ तारखेला नारळ दिला (तोही आदल्या दिवशी मिसिसिपी स्टेटला ५१-१० असं धुतल्यावर), मग दोन आठवडे रोज नवीन नाव, शनिवारी रात्री तो केंटकीच्या कोच मार्क स्टूप्सचा तमाशा, आणि आज माइक एल्कोचं अधिकृत जाहीर झालं. सहा वर्षं, वर्षाला ७० लाख डॉलर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा २०१८ ते २०२१ आपल्याकडेच डिफेन्स कोऑर्डिनेटर होता, मग ड्यूकला हेड कोच म्हणून गेला आणि आता परत आला.

माझं मत असं की हेड कोच ठरला म्हणजे अर्धंच काम झालं. फिशर आला तेव्हा तोही नॅशनल चॅम्पियनशिप जिंकलेला कोच होता, पण गाडी कुठे अडली तर ऑफेन्सचं कॉलिंग (कुठला डाव खेळायचा ते ठरवणं) २०२२ संपेपर्यंत कोणाच्या हातात दिलं नाही, आणि त्या वर्षी घरच्या मैदानावर ॲपलेशियन स्टेटकडून १७-१४ हरलो. देशातला नंबर एक रिक्रूटिंग क्लास (नव्या पोरांची भरती) घेऊन ५-७, म्हणजे ५ जिंकलो, ७ हरलो! एल्को डिफेन्सचा माणूस आहे, म्हणजे ओसी (ऑफेन्स कोऑर्डिनेटर) कोण आणतो त्यावर सगळं आहे. तुम्हाला काय वाटतं? जुन्या स्टाफमधलं कोणाला ठेवावं, बाहेरून कोणाला आणावं?

मिरची_भजी | २७ नोव्हेंबर २०२३

पहिली! पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

फिशरला काढलं तो दिवस कोणाच्या लक्षात आला का? १२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन. इकडे आम्ही ह्यूस्टनमध्ये पाट मांडून बसलोय आणि नवरा फोन बघून ओरडतो, ७ कोटी ६० लाख डॉलर दिले गं घरी बसायला! म्हणजे आजच्या भावाने सहाशे तीस कोटी रुपये. ऐन लक्ष्मीपूजनाला एवढी लक्ष्मी घराबाहेर काढणारं दुसरं विद्यापीठ दाखवा.

शून्य_बाद | २७ नोव्हेंबर २०२३

@मिरची_भजी, एकदम नाही हो देत. साधारण १ कोटी ९० लाख साठ दिवसांच्या आत, आणि मग २०३१ पर्यंत दर वर्षी ७२ लाख. गंमत म्हणजे त्याने दुसरीकडे नोकरी धरली तरी यातला एक पैसा कापला जात नाही. असं काँट्रॅक्ट लिहिणाऱ्या वकिलाचा नंबर मला हवाय, माझ्या पुढच्या ॲप्रेजलच्या वेळी उपयोगी पडेल.

याआधीचा विक्रम ऑबर्नचा होता, गस माल्झानला २०२० मध्ये सव्वादोन कोटीच्या आतच दिले होते. आपण विक्रम तिपटीपेक्षा जास्तने मोडला.

पेठेतला_पाहुणा | २८ नोव्हेंबर २०२३

चुकून या धाग्यावर आलो. पुण्यात राहतो, मुलगा तिकडे मास्टर्स करतोय. एक बाळबोध शंका. कॉलेजच्या टीमच्या कोचला वर्षाला ७० लाख डॉलर? कॉलेजच्या?? आणि हे पैसे फीमधून जातात का, म्हणजे मग मी तरी थोडा हक्काने मत देतो.

कॉलेजस्टेशनकर | २८ नोव्हेंबर २०२३

काका स्वागत आहे, पण नाही, फीमधून नाही :) ॲथलेटिक्स विभागाचं उत्पन्न आणि देणगीदारांचं फाउंडेशन, यातूनच देणार असं ॲथलेटिक्सचा प्रमुख रॉस ब्योर्कने जाहीर सांगितलंय. टीव्हीचे पैसे आणि तिकिटं प्रचंड आहेत. आपल्या स्टेडियमची, काइल फील्डची क्षमता १,०२,७३३ आहे. एवढी माणसं शनिवारी एका जागी येतात आणि विद्यार्थी पूर्ण मॅच उभे राहून बघतात. १९२२ मध्ये टीममधले खेळाडू जखमी होत गेले तेव्हा किंग गिल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांतून उतरून कपडे चढवून तयार उभा राहिला होता, त्यावरून ती ‘ट्वेल्थ मॅन’ची प्रथा. मुलाला विचारा, पाय किती दुखतात ते.

पेठेतला_पाहुणा | २८ नोव्हेंबर २०२३

विचारलं. म्हणाला “बाबा, मॅचच्या आदल्या मध्यरात्री पण स्टेडियममध्ये जाऊन ओरडायची प्रॅक्टिस असते.” ओरडायची प्रॅक्टिस! मध्यरात्री! आम्ही याला अभ्यासाला पाठवलाय.

डरहॅमवाली | २८ नोव्हेंबर २०२३

मी जरा वेगळ्या बाजूने लिहिते. आम्ही डरहॅमला राहतो, ड्यूक म्हणजे बास्केटबॉल, फुटबॉलला कोणी कुत्रं विचारत नव्हतं. २०२१ ला ३-९. एल्को आला आणि पहिल्याच वर्षी ९-४. या सप्टेंबरात लेबर डेच्या रात्री क्लेम्सनला २८-७ हरवलं तेव्हा लोक कठडे ओलांडून मैदानात उतरले, आमच्या ह्यांचा चष्मा त्या गर्दीत गेला तो गेलाच. मग नॉत्र दामशी २१-१४ हरलो, शेवटच्या मिनिटांत, आणि त्यात क्वार्टरबॅक (बॉल फेकून ऑफेन्स चालवणारा) रायली लेनर्डचा घोटा गेला, तिथून सीझन घसरला.

माणूस कसा आहे तर भाषणबाजी नाही, साइडलाइनला आरडाओरडा कमी, हातात ती प्लेची शीट आणि कपाळाला आठी. पण टॅकलिंग बघा त्याच्या टीमचं. पहिला माणूस चुकला तर दुसरा आणि तिसरा तिथे असतोच. आमच्याकडे साधी पोरं होती, नंबर एक क्लास वगैरे नाही, तरी लाइन लागायची ती बरोबर लागायची. तुम्ही नशीबवान आहात, आणि आम्ही दोन वर्षांत परत शून्यावर. राग तर आलाय.

कोल्हापुरी_केंटकी | २८ नोव्हेंबर २०२३

काय राव, आमचा स्टूप्स तुमास्नी नको झाला व्हय? मी लेक्सिंग्टनला असतो. शनिवारी दुपारी लुईव्हिलला ३८-३१ हरवलं म्हणून आम्ही खुशीत, रात्री बातमी आली की गडी तुमच्याकडं चालला. बायकोला म्हटलं गेला हा. झोपायच्या आधी परत फोन बघतोय तर तुमच्या लोकांनी इंटरनेटवर एवढा दंगा केलेला की सगळं फिसकटलं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला स्टूप्स स्वतःच लिहितोय की मी इथंच राहणार. ठरलेलं लगीन मांडवात मोडल्यागत झालं, आणि नवरदेव आमच्या घरात परत येऊन बसला. आता त्याच्याशी नीट बोलायचं का रुसायचं तेच कळंना.

बाकी १९५४ ला बेअर ब्रायंट पण तुम्ही आमच्याकडनंच नेला हुता, ते विसरलो नाही. तो पुढं अलाबामाला जाऊन देव झाला.

शून्य_बाद | २९ नोव्हेंबर २०२३

@कोल्हापुरी_केंटकी हाहाहा, नवरदेव!

पण स्टूप्सला नकार दिला तो बरोबरच होता. माणूस वाईट नाही, केंटकीत ब्रायंटपेक्षा जास्त मॅचेस जिंकलाय, पण इतके पैसे खर्च करून एकाला घालवायचं आणि मग सात-पाचवाला आणायचा?

नागपुरी_संत्रं | २९ नोव्हेंबर २०२३

@शून्य_बाद, भाऊ, एल्कोचं या वर्षीचं रेकॉर्ड बघून घे ना बे. ड्यूक ७-५. केंटकी पण ७-५. तर मग सात-पाचवाला नको म्हणून सात-पाचवालाच आणला ना तुम्ही? :ड

माझं स्पष्ट मत आहे, ही भीतीतून केलेली नेमणूक आहे. लोक ओरडले, बोर्ड घाबरलं, आणि जो ओळखीचा होता त्याला चोवीस तासांत उचलला. आणि ओळखीचा म्हणजे फिशरच्याच स्टाफमधला! डिफेन्सचा कोऑर्डिनेटर चांगला असणं वेगळं, शंभर पोरांचा, देणगीदारांचा आणि मीडियाचा संसार चालवणं वेगळं.

कॉलेजस्टेशनकर | २९ नोव्हेंबर २०२३

@नागपुरी_संत्रं, रेकॉर्डचा मुद्दा मान्य, पण ड्यूकमध्ये ७-५ आणि एसईसीच्या, म्हणजे आपल्या आणि केंटकीच्या लीगच्या, पैशात ७-५ यात फरक आहे की नाही? आणि तो फिशरच्या स्टाफमध्ये होता तेव्हाच २०२० ला आपण ९-१ केलं, ऑरेंज बोल जिंकलो, देशात चौथे आलो. तो २०२१ नंतर गेला आणि लगेच पुढच्या वर्षी ५-७. योगायोग म्हणायचा का?

आजोबा_नाशिक | ३० नोव्हेंबर २०२३

नमस्कार. माझी नात ॲगी आहे, तिच्यामुळे हा खेळ बघू लागलो. मी आयुष्यभर क्रिकेट पाहिलं. आपल्याकडे कॅप्टन मोठा, कोच मागे. इथे उलटं दिसतं.

ओळखीच्या जागी परत येण्यावर एक आठवलं. चंद्रकांत पंडित मध्य प्रदेशचा कॅप्टन असताना १९९८-९९ ची रणजी फायनल बंगळूरच्या चिन्नास्वामीवर हरला. २०२२ मध्ये त्याच मैदानावर त्याच मध्य प्रदेशचा कोच म्हणून जिंकला, तेही मुंबईला हरवून. मधल्या काळात विदर्भाला दोनदा जिंकून दिलं होतं. तेव्हा जुना माणूस परत आला म्हणजे भित्रेपणाच असं नाही, बाहेर जाऊन काय शिकून आला ते पाहावं. आणि पंडित कडक होता हो, पोरांना पहाटे उठवायचा.

नागपुरी_संत्रं | ३० नोव्हेंबर २०२३

आजोबा, विदर्भाचं नाव काढून तुम्ही माझं तोंडच बंद केलं :) पंडित सरांबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही.

मिरची_भजी | ३० नोव्हेंबर २०२३

१९ नोव्हेंबर अजून ताजं आहे, क्रिकेट नको प्लीज.

आज बातमी बघितली का, आपला ओसी बॉबी पेट्रिनो आर्कान्सासला ओसी म्हणून चालला. ज्या आर्कान्सासने २०१२ ला मोटरसायकल प्रकरणानंतर हेड कोचच्या खुर्चीवरून हाकललं, तिथेच. म्हणजे ओसीची जागा अधिकृतपणे रिकामी.

लाँगहॉर्न_सांगलीकर | १ डिसेंबर २०२३

ऑस्टिनहून सप्रेम नमस्कार. तुम्ही कोणालाही आणा, पुढच्या वर्षी आम्ही टेक्सासवाले पण एसईसीत येतोय. २०११ पासून हिशेब थांबलाय, शेवटचा किक लक्षात आहे ना? २७-२५ आम्ही.

कॉलेजस्टेशनकर | १ डिसेंबर २०२३

ॲडमिन, या आयडीला धाग्यावर बंदी घालता येईल का?

शून्य_बाद | १ डिसेंबर २०२३

मूळ विषयावर येतो. मला जास्त काळजी इलायजा रॉबिन्सनची होती. फिशर गेल्यावर इंटेरिम (तात्पुरता) कोच म्हणून टीम त्याने सांभाळली आणि डिफेन्सिव्ह लाइनची सगळी मोठी पोरं त्याच्या शब्दावर आलेली. आता तो सिरॅक्यूजला डीसी (डिफेन्स कोऑर्डिनेटर) म्हणून निघाला. बाहेरच्यांना वाटतं कोच म्हणजे हेड कोच, पण सतरा-अठरा वर्षांचा पोरगा हेड कोचला महिन्यातून एकदा भेटतो, पोझिशन कोच रोज त्याच्या आईशी फोनवर बोलतो. तो गेला की पोरं ट्रान्स्फर पोर्टलकडे (दुसऱ्या कॉलेजात जायची वाट) बघायला लागतात. ४ डिसेंबरला पोर्टल उघडतंय, २० ला नव्या पोरांचं साइनिंग. नव्या माणसाला घर लावायला तीन आठवडे पण नाहीत, त्यामुळे एल्कोने स्टाफ पटकन भरावा, परफेक्ट माणसाची वाट बघत बसू नये.

डरहॅमवाली | २ डिसेंबर २०२३

@शून्य_बाद, पटकन भरण्याला माझा विरोध. घाईत घेतलेला ओसी वर्षभर डोक्याला ताप देतो आणि मग त्याला काढायचे पैसे परत द्यायचे. ती सवय तुमच्याकडे आहेच म्हणा. लाइनचे कोच ॲडम कुशिंग आणि रनिंग बॅकवाले ट्रूपर टेलर यांना तो इथून घेऊन जाईल असं दिसतंय, दोघंही चांगले आहेत. तुमच्या ऑफेन्सिव्ह लाइनची अवस्था बघता कुशिंगला आधी घ्या.

कॉलेजस्टेशनकर | ६ डिसेंबर २०२३

ओसी ठरला! कॉलिन क्लाइन, कॅन्सस स्टेटचा. मागच्या वर्षी यांनीच टीसीयूला ओव्हरटाइममध्ये ३१-२८ हरवून बिग १२ ही त्यांची लीग जिंकली. आणि दैवाचा खेळ बघा, २०१२ च्या हाइझमनला (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) क्लाइन स्वतः क्वार्टरबॅक म्हणून तिसरा आला होता. पहिला कोण? आपला जॉनी मँझिएल! आता त्याच काइल फील्डवर हा आपल्या क्वार्टरबॅकला शिकवणार.

मला आवडला. क्वार्टरबॅकला पळवतो, रन गेम आधी उभा करतो. फिशरच्या ऑफेन्समध्ये प्ले लाइनवर पोचेपर्यंत घड्याळ संपायचं, क्वार्टरबॅक हात हलवून हलवून सगळ्यांना जागा दाखवतोय आणि प्ले क्लॉक दोनवर, हे इथून पुढे दिसू नये एवढीच अपेक्षा.

नागपुरी_संत्रं | ६ डिसेंबर २०२३

हा मात्र माणूस कामाचा आणला. तरी कॅन्सस स्टेटमध्ये चालतं ते एसईसीच्या डिफेन्सिव्ह लाइनसमोर चालेल का ते बघू. जॉर्जियाचे ते तीनशे पौंडाचे धूड तुमच्या क्वार्टरबॅकला पळू देतील तेव्हा.

शून्य_बाद | १८ डिसेंबर २०२३

डीसी जे बेटमन. फ्लोरिडाहून. आर्मीमध्ये असताना २०१८ ला ओक्लाहोमाला ओव्हरटाइमपर्यंत खेचलं होतं, तेही कायलर मरीसमोर (हो, तोच, जो २०१५ ला आपल्याकडून निघून गेला). पण नंतर नॉर्थ कॅरोलिनातून त्याला बाहेर पडावं लागलं हेही खरं. @डरहॅमवाली, तुमच्या शेजारचाच विषय, काय म्हणता?

डरहॅमवाली | १८ डिसेंबर २०२३

चॅपल हिलची (नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या गावची) मैत्रीण फोनवर म्हणाली, “घेऊन जा आणि परत पाठवू नका.” यापेक्षा जास्त लिहीत नाही. पण एल्को स्वतः डिफेन्सचा असल्यामुळे डोकं त्याचंच चालेल, बेटमन हाताखाली ठीक राहील.

मिरची_भजी | १९ डिसेंबर २०२३

तुम्ही सगळे कोऑर्डिनेटर घेऊन बसलाय, मला सगळ्यात भारी नेमणूक टॉमी मॉफिटची वाटते. स्ट्रेंग्थ कोच. एलएसयूत (लुइझियाना स्टेट) तीन वेगळ्या हेड कोचच्या हाताखाली २००३, २००७, २०१९ अशा तीन चॅम्पियनशिप बघितलेला माणूस. वर्षातले कितीतरी महिने नियमाप्रमाणे हेड कोच पोरांना फारसा हात लावू शकत नाही, तेव्हा ती वजनं उचलायला लावणाऱ्याच्याच ताब्यात असतात. चौथ्या क्वार्टरमध्ये आपली टीम कंबरेवर हात ठेवून उभी दिसायची, ते यानेच सुधारेल.

आजोबा_नाशिक | १९ डिसेंबर २०२३

पंडितांचं पहाटे उठवणं म्हणजे हेच. नातीला कळवतो.

नागपुरी_संत्रं | १ सप्टेंबर २०२४

धागा वर काढतो. काल नॉत्र दाम २३, आपण १३. काइल फील्डवर, पहिलीच मॅच. आणि त्यांचा क्वार्टरबॅक कोण? रायली लेनर्ड! एल्कोने ड्यूकला घडवलेला पोरगाच एल्कोला हरवून गेला. कोणी काही बोलायचं आहे का?

डरहॅमवाली | १ सप्टेंबर २०२४

मला आनंद झाला. सॉरी. नाही, सॉरी पण नाही.

लाँगहॉर्न_सांगलीकर | १ डिसेंबर २०२४

टेक्सास १७, तुम्ही ७. बाकी काही नाही, सहज आलो होतो.

मिरची_भजी | १६ नोव्हेंबर २०२५

कोणी जागं आहे का??? काल आम्ही स्टेडियममध्ये होतो. साउथ कॅरोलिनाविरुद्ध हाफटाइमला ३-३०. नवरा म्हणाला चल निघू, ट्रॅफिक लागेल. पुढच्या रांगेतले काही उठून गेले पण. मी म्हटलं पार्किंगचे पैसे दिलेत, बसायचं. आपला क्वार्टरबॅक मार्सेल रीडने एक टचडाउन पास टाकला, दुसरा टाकला, आणि तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डुलायला लागले, तेव्हा वरचा मजला खरोखर हलतो हो, कोकच्या ग्लासातलं कोक हिंदकळत होतं. ३१-३०! शाळेच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं कमबॅक. १०-० झालो, १९९२ नंतर पहिल्यांदा.

@नागपुरी_संत्रं कुठे आहात?

नागपुरी_संत्रं | १६ नोव्हेंबर २०२५

इथेच आहे ना बे. चौथ्या क्वार्टरमध्ये समोरची टीम कंबरेवर हात ठेवून उभी होती, तुझा मॉफिट जिंकला. पण टेक्सासची मॅच बाकी आहे, डिसेंबर बाकी आहे, मी डिसेंबरात बोलीन.

कॉलेजस्टेशनकर | ३ जानेवारी २०२६

डिसेंबर झाला. टेक्सासकडून २७-१७, मग पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये गेलो आणि घरच्या मैदानावर मायामीकडून १०-३. तीन पॉइंट! शेवटी एंड झोनमध्ये इंटरसेप्शन. बाहेर पडताना लाखभर माणसं आणि बुटांचा आवाज सोडून काही ऐकू येत नव्हतं.

तर परत तोच प्रश्न, म्हणून जुना धागाच वापरतो. क्लाइन कॅन्सस स्टेटला हेड कोच म्हणून गेला, स्वतःच्या जुन्या कॉलेजात, त्याला दोष नाही. बेटमन केंटकीला डीसी. एल्कोने दोन्ही जागा घरातूनच भरल्या, रिसीव्हर कोच होल्मन विगिन्सला ओसी आणि लाइल हेम्फिलला डीसी. एल्कोला नोव्हेंबरात नवीन मोठं काँट्रॅक्ट मिळालंय, पैशाला तोटा नाही, मग देशातला एक नंबरचा ओसी का नाही शोधला? तीन पॉइंटवर बाहेर पडल्यावर आतलाच माणूस वर चढवायचा, मला हे पटलेलं नाही.

शून्य_बाद | ३ जानेवारी २०२६

मला पटलंय. विगिन्स अलाबामात हेड कोच निक सेबनच्या हाताखाली होता, रिसीव्हर त्याने इथे किती सुधारले ते केसी कॉन्सेप्शियन आणि मारियो क्रेव्हरला बघून कळतं. रीड चौथ्या वर्षी तिसरी भाषा शिकत बसण्यापेक्षा तेच पुस्तक पुढे चालू दे.

नागपुरी_संत्रं | ३ जानेवारी २०२६

पुस्तक तेच असेल पण वाचणारा बदलला ना. रिसीव्हर शिकवणं वेगळं आणि थर्ड अँड सेव्हनला (तिसरा प्रयत्न, सात यार्ड बाकी) पंचवीस सेकंदांत प्ले देणं वेगळं. २०२३ ला मी एल्कोबद्दल जे म्हणत होतो तेच आता विगिन्सबद्दल म्हणतो.

मिरची_भजी | ३ जानेवारी २०२६

आणि २०२३ ला एल्कोबद्दल म्हणत होतात त्याचं काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय ;)

डरहॅमवाली | ४ जानेवारी २०२६

हेम्फिल इथे ड्यूकलाही एल्कोच्या स्टाफमध्ये होता, सेकंडरी (मागची बचाव फळी) व्यवस्थित बसवतो. काळजी करू नका. ओसीबद्दल मात्र मी कॉलेजस्टेशनकरांच्या बाजूने.

कोल्हापुरी_केंटकी | ४ जानेवारी २०२६

मंडळी, लई दिवसांनी. आमचा नवरदेव अखेर गेला बघा, लुईव्हिलकडनं ४१-० मार खाल्ला आणि स्टूप्सला तेरा वर्षांनी घालवलं, आणि आता आम्ही पण मोजतोय बायआउटचे (काँट्रॅक्ट मोडल्याचे) कोटी. नवीन कोच विल स्टाइन ओरेगनहून आलाय आणि डीसी म्हणून तुमचा बेटमन. तर एक काम करा, दोन वर्षं बघितलाय तुम्ही, खरं खरं सांगा, माणूस थर्ड डाउनला ब्लिट्झ पाठवतो (जास्त गडी क्वार्टरबॅकवर सोडतो) का मागं सरून बसतो? म्हणजे मी त्या हिशोबानं सीझन तिकीट काढतो.

शून्य_बाद | ४ जानेवारी २०२६

@कोल्हापुरी_केंटकी, २०२५ ला डिफेन्सचं कॉलिंग एल्को स्वतःच करत होता. बेटमन काय करतो ते तुम्हालाच आम्हाला सांगावं लागेल.